चार तारांवर दोन हातांचं संगीत: कोणता सूर सोडायचा नाही?

भाऊ, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. चोपड्याला तुमच्या तेरा वर्षांच्या मुलीकडे सोप्रानो युकुलेली आहे, भिंतीवर तुमच्या वडिलांचं मॅन्डोलिन टांगलेलं आहे, आणि तिच्या कीबोर्डच्या पुस्तकात जर्मन संगीतकार बाखच्या नावाने छापलेला पांढरी पाचचा (म्हणजे जीला सा धरलेला) मिन्युएट, एक नाचाचा तुकडा, आहे. उजव्या हाताची ओळ तारांवर बसते. डावा हात धरायला गेलं की खालचे सूर सापडत नाहीत, बोटंही पुरत नाहीत. म्हणून तुम्ही विचारलंय, 'कोणते सूर गाळले तर चालेल?'

मी तीसेक वर्षं जळगावात मॅन्डोलिन आणि गिटार शिकवतोय. हा प्रश्न घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी आधी दुसरंच विचारतो: या तुकड्यात कोणता सूर हलवला तर सगळं कोसळतं? तो सापडला की गाळायचे सूर आपोआप कळतात. घर पाडताना तुळई कुठली आणि फळी कुठली हे आधी बघतात, तसंच हे. नुसतं 'जे हाताला येत नाही ते गाळलं' असं केलं की उरतो वरचा गोड चाळा. तो ऐकायला बरा वाटतो, पण त्यात ते संगीत राहत नाही.

काही गोष्टी तुमच्या वाद्यांवर अवलंबून आहेत, त्या आधी बघून घ्या. युकुलेलीला पडदे किती आहेत? बऱ्याच सोप्रानोंना बाराच असतात, कॉन्सर्ट आकारात त्याच्या पुढेही मिळतात. चौथी तार वरच्या जीची आहे की खालच्या? दुकानातून येते तेव्हा सहसा वरची असते, आणि मी तीच धरून लिहितोय. मॅन्डोलिन इतकी वर्षं टांगून होतं, तर तारा एकदम चढवू नका. आठ लोखंडी तारांचा ताण मोठा असतो, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पारा ४४-४५ ला गेला की जुना सरस सुटतो. आधी मागची पाठ आणि दांडीचा सांधा बघा, दोन-तीन दिवसांत हळूहळू ताण द्या. घोडी सुटी असते, ती सरकलेली असणार. शिरोभागाच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत जितकं अंतर, जवळजवळ तितकंच बाराव्या पडद्यापासून घोडीपर्यंत हवं. हे जुळलं नाही तर तुम्ही सूर कितीही नीट निवडा, वरच्या पडद्यांवर बेसूरच ऐकू येईल.

आता एक शंका, जी तुम्ही लिहिली नाही पण पुष्कळांच्या मनात असते: पियानोचं संगीत एवढ्याशा लोकवाद्यावर वाजवणं बरोबर आहे का? ते संगीत मुळात आजच्या पियानोसाठी लिहिलेलंच नव्हतं. साधारण १६०० ते १७५० चा तो काळ, त्याला बरोक म्हणतात. तेव्हा असायची ती हार्पसिकॉर्ड. तिची कळ दाबली की आत पक्ष्याच्या पिसाच्या देठाची बारीक नखी तार छेडते. कळ जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज जवळपास तेवढाच येतो, आणि आला की विरायला लागतो. म्हणजे तेही छेडायचंच वाद्य. १७५० साली बाख गेले तेव्हा त्यांच्या मालमत्तेच्या यादीत दोन 'लाउटेनव्हेर्क' होती, म्हणजे ल्यूटसारखा (ल्यूट हे बोटांनी छेडायचं जुनं तंतुवाद्य) आवाज यावा म्हणून बनवलेली कळांची वाद्यं. शिवाय एका वाद्याचं दुसऱ्यावर नेणं हे त्यांचं नेहमीचंच काम होतं. एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेला एक प्रील्यूड (सुरुवातीचा तुकडा) त्यांनी १७३१ च्या एका कॅन्टाटात, म्हणजे गायन आणि वाद्यांच्या मोठ्या रचनेत, ऑर्गन आणि वाद्यवृंदासाठी बसवला. युकुलेलीसुद्धा मूळ पोर्तुगीज. माडेइराहून १८७९ साली हवाईला गेलेल्या लोकांनी आपली छोटी वाद्यं सोबत नेली, त्यांतून ती घडली. चौथी तार तिसरीपेक्षा वर लावण्याची पद्धत तर बरोक काळातल्या स्पॅनिश गिटारीतही सापडते. तेव्हा मनात संकोच ठेवू नका.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तुमचंही पाऊल त्याच दिशेने पडतंय. मी स्टाफ नोटेशन भुसावळला शिकलो, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका अँग्लो-इंडियन मास्तरांकडे. वीस-बावीस वर्षांचा असताना मी बाखची पहिली इन्व्हेन्शन (दोन ओळींचा छोटा तुकडा) एकट्या मॅन्डोलिनवर बसवून त्यांना ऐकवली. शक्य तितके सगळे सूर कोंबले होते, दोन महिने खपलो होतो. त्यांनी ऐकून घेतलं, पुस्तक उघडलं, वरच्या ओळीवर हात ठेवून ती झाकली आणि म्हणाले, "आता नुसता डावा हात गा." मला गाता येईना. मी एकेक सूर वाचून बोटाखाली बसवला होता, पण ती ओळ कुठून निघते, कुठे वळते, कुठे टेकते हे मला माहीतच नव्हतं. त्या दिवसापासून मी डावा हात गाता आल्याशिवाय कुठलंही बरोक वाद्यावर घेत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही घेऊ देत नाही.

मग तुमचा मिन्युएट गाऊन बघू. (हा बाखचा नाही बरं का. बाखची पत्नी आन्ना माग्दालेना हिच्या १७२५ च्या वहीत तो उतरवलेला आहे म्हणून बाखच्या नावावर गेला. रचना क्रिस्टियान पेत्झोल्ड या ड्रेस्डेनच्या ऑर्गनवादकाची आहे. पुस्तकात नाव चुकलं असेल तर मुलीला तेवढं दुरुस्त करायला सांगा, पेत्झोल्डचं श्रेय त्याला मिळू द्या.) पांढरी पाच सा धरला तर पहिल्या आठ बारांत (दोन उभ्या रेघांमधला भाग म्हणजे एक बार) वरची ओळ अशी:

प सा रे ग म | प सा सा | ध म प ध नी | सां सा सा | म प म ग रे | ग म ग रे सा | (मंद्र) नी सा रे ग सा | रे

आणि खाली डावा हात, मंद्र सप्तकाच्या बाजूने:

सा, रे | ग | म | ग | रे | सा | प ग सा | प

खालची ओळ दोनदा गा. पायऱ्या दिसतील: सा-रे-ग-म चढली, ग-रे-सा उतरली, मग एकदम प वर जाऊन थांबली. वरच्या ओळीत कितीही उड्या असोत, हा जिना त्यांना धरून ठेवतो. पहिल्या बारात डाव्या हाताला सा-ग-प असा भरगच्च कॉर्ड लिहिलाय, त्यातले ग आणि प गेले तरी काही बिघडत नाही. पण चौथ्या बारातला ग गेला, किंवा आठव्यातला प वरच्या रेच्या खाली न राहता वर जाऊन बसला, तर मुक्काम मोडतो.

म्हणून माझी कसोटी अशी: जिना तुटू द्यायचा नाही, आणि जिथे वाक्य टेकतं तिथे खर्जाचा सूर खरोखर सगळ्यांच्या खाली असायला हवा. वाक्याच्या मध्ये खालची ओळ वरचीला ओलांडून वर गेली तर सहन करतो. टेकण्याच्या जागी करत नाही. कारण साधं आहे. सा खाली आणि प वर असला की कान निवांत होतो. तेच दोन सूर उलटले, प खाली गेला आणि सा वर आला, की या शैलीत अजून काहीतरी यायचंय असं वाटत राहतं.

युकुलेलीवर हे प्रत्यक्ष कसं बसतं ते बघा. पट्टी ठरवताना पूर्ण तुकड्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर शोधा. इथे वरच्या ओळीत खाली मध्य सप्तकातला डी, वर दुसऱ्या भागाच्या सुरुवातीचा तार सप्तकातला बी. युकुलेलीचा खालचा सूर सी, आणि बारा पडद्यांत वरचा सूर ए. पांढरी पाचमध्ये तो बी चौदाव्या पडद्यावर जातो, जो तुमच्या वाद्याला बहुधा नाहीच. सगळं एक स्वर खाली, पांढरी चारला (एफला) आणा. डीचा झाला सी, मोकळी तिसरी तार. बीचा झाला ए, पहिल्या तारेचा बारावा पडदा. खालून-वरून सूतभरही जागा शिल्लक नाही, पण बसतं! अशी पट्टी सापडली की मला अजूनही आनंद होतो.

खर्ज अर्थात एक सप्तक वर घ्यावा लागेल. आता ती वरच्या जीची चौथी तार कामाला येते. पहिला बार: मुलीला एफचा कॉर्ड येत असेलच, चौथ्या तारेवर दुसरा पडदा आणि दुसऱ्या तारेवर पहिला. तोच धरून पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर करंगळी ठेवायला सांगा. झालं, सा-ग-प हाताखाली आला. दुसऱ्या बारातला खर्जाचा ग चौथ्या तारेच्या त्याच दुसऱ्या पडद्यावर आहे, तिसऱ्या बारातला म तिसऱ्या पडद्यावर. चौथ्या बारात वरची ओळ आठव्या पडद्यावर उडी घेते, तिथे ग दुसऱ्या तारेच्या पाचव्यावर घ्या, हात ताणावा लागत नाही. पाचव्यात रे म्हणजे मोकळी चौथी तार. सहाव्यात सा दुसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर. सातव्यात प-ग-सा पैकी फक्त पहिला प ठेवा, मोकळी तिसरी तार. आठव्यातही तोच प, आणि वर रे साठी मोकळी चौथी.

यात दुसऱ्या आणि चौथ्या बारात काय होतं ते कान लावून ऐका. खर्जाचा ग छेडल्यावर वरची ओळ सा वर उतरते, म्हणजे खर्जाच्याही खाली. दोन्ही ठिकाणी वाक्य चालू आहे, म्हणून मी तसंच ठेवतो. फक्त तो ग अंगठ्याने हलका आणि आखूड. आठव्या बारात मात्र मोकळा सी, त्यावर जी, खर्ज अगदी जागेवर. पट्टी शोधण्याचा खटाटोप त्यासाठीच होता.

चौथी तार खालच्या जीची केली तर? करता येते. खाली पाच नवे अर्धस्वर मिळतात, पण वर बताशासारखी फुटणारी ती चमक जाते आणि वरचा बी तरीही मिळत नाही. वाद्य एकच असेल आणि पुढे बरंच बरोक वाजवायचं असेल तर करा. या एका मिन्युएटसाठी मी करणार नाही.

मॅन्डोलिनवर गोष्ट सोपी आहे. पट्टी बदलायची गरजच नाही. जी-डी-ए-ई लावलेलं असतं, वरची ओळ मोकळ्या डीपासून पहिल्या तारेच्या सातव्या पडद्यापर्यंत बसते. खर्जाची पहिली पायरी म्हणजे मोकळी चौथी तार, मग त्याच तारेवर दुसरा, चौथा, पाचवा पडदा, आणि तसंच परत. अडचण वेगळी आहे: तार छेडायचा स्ट्रायकर एकच, आणि तो मधल्या तारा ओलांडून उडी मारू शकत नाही. तेव्हा मधल्या तारेवर काय वाजेल ते बघा. पहिल्या बारात मध्ये मोकळी डी येते, ती प आहे, वाजू द्या. तिसऱ्या बारात खर्ज सी आणि वर मोकळी ई, मध्ये मोकळी डी आली तर खरखरीत लागेल. तिथे सीचा नेहमीचा कॉर्ड धरा: पाच, दोन, तीन, मोकळी. जिथे असं काहीच जमत नाही तिथे खर्ज आधी वाजवून लगेच वरचा सूर घ्या. ल्यूटवाल्यांची हीच रीत होती, आणि फ्रान्समधल्या कूपराँसारख्या हार्पसिकॉर्डकारांनी ती त्यांच्याकडूनच उचलली. सगळे सूर एका ठोक्यात पडले पाहिजेत असा हट्ट त्या काळात नव्हता.

पण भाऊ, खरं सांगू का? तुमच्या घरात दोन वाद्यं आणि दोन माणसं आहेत. एकेका वाद्यावर दोन्ही हात बसवण्याआधी एकेक हात वाटून घ्या ना! मुलगी उजवा हात, तुम्ही डावा. पट्टी युकुलेलीसाठी पांढरी चारच ठेवा. तुमचा खर्ज एक सप्तक वर येईल, पण आवाजाची जात वेगळी असल्यामुळे ओळी एकमेकींत मिसळत नाहीत. मॅन्डोलिनच्या जोडतारांचा लोखंडी झणत्कार एकीकडे, नायलॉनचा गोल आवाज दुसरीकडे. बाखच्या पंधरा इन्व्हेन्शन तर यासाठी फारच चांगल्या, त्यांत नेमक्या दोनच ओळी आहेत. १७२३ च्या प्रतीत त्यांनी स्वतः लिहिलंय की शिकणाऱ्याला दोन स्वतंत्र आवाज स्वच्छ वाजवता यावेत म्हणून हे केलं. पहिलीत उजवा हात 'सा रे ग म रे ग सा' म्हणतो आणि अर्ध्या बाराने डावा तेच खाली म्हणतो. आठवीत तर डावा उजव्याच्या पाठोपाठ एका बाराच्या अंतराने चालतो. तिथे गाळायचं काहीच नाही. युकुलेलीचे पडदे संपतील तेवढा तुकडा एक सप्तक खाली घ्या, फक्त तो वाक्याच्या सुरुवातीपासून घ्या, मधूनच उडी नको.

आणखी एक सावधगिरी. सी मेजरचा तो प्रसिद्ध प्रील्यूड, 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिअर'मधला पहिला, युकुलेलीवर बसवायचा मोह होईल. पहिला बार मोकळ्या तारांवर सुंदर लागतो. पण त्याचा सगळा जीव खर्जाच्या उतरणीत आहे: सा सा नी सा सा सा नी नी ध, आणि पुढे दोन सप्तकं खाली. सी हाच तुमचा शेवटचा सूर, म्हणजे तिसऱ्याच बारात नी नाही. नुसते कॉर्ड राहतात. तो मी युकुलेलीवर घेत नाही.

उलट, आन्ना माग्दालेनाच्या त्या वहीतला पांढरी दोनचा 'म्युझेत' जरूर घ्या. म्युझेत म्हणजे फ्रान्समधलं भात्याचं छोटं वाद्य, ज्यात एक सूर अखंड घुमत राहतो. म्हणून डाव्या हाताला बहुतेक वेळ एकच सूर, खाली-वर सप्तकात. अमळनेरच्या माझ्या एका विद्यार्थ्याने तो वरातीच्या बेंजोवर बसवला. घुमाऱ्याच्या तारा डीला लावल्या, कळांवर वरची ओळ. ओट्यावर त्याचे आजोबा बसले होते. तरुणपणी गोंधळात तुणतुणं धरलेला माणूस. डोळे मिटून ऐकत होते, मग म्हणाले, "हाई तं तुणतुणंच शे." बरोबर ओळखलं त्यांनी. रामो या फ्रेंच संगीतकाराच्या 'तांबूरँ'मध्येही असाच घुमणारा खर्ज आहे. आपल्याकडच्या कानाला बरोकमध्ये शिरायला यापेक्षा रुंद दार मला माहीत नाही.

लांब सुरांबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. मॅन्डोलिनवर आपण हिंदी गाण्यांच्या सवयीने लगेच ट्रेमोलो लावतो, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहतो. इथे नको, खालची ओळ त्यात बुडते. हार्पसिकॉर्डवालेही विरणारा सूर जागता ठेवायला ट्रिल घेत, म्हणजे शेजारचे दोन सूर झटपट आलटून-पालटून वाजवत. बाखनी थोरल्या मुलासाठी १७२० साली जी वही सुरू केली तिच्यात अलंकारांचा तक्ता आहे, आणि त्यात ट्रिल वरच्या सुरापासून सुरू होते. म्हणजे रे वर ट्रिल असेल तर ग रे ग रे. मुरकी घेणाऱ्याला हे लगेच येतं, फक्त ताल सोडून लाडात येऊ नका.

सुरुवात अशी करा. पहिले तीन दिवस वाद्यं खाली ठेवून दोघांनी आठ बार गायचे, तुम्ही खालची ओळ, ती वरची. चौथ्या दिवशी वाद्यं घ्या. मिन्युएटचे सोळा-सोळा बारांचे दोन भाग आहेत आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा असतो. दुसऱ्या फेरीला ओळींची अदलाबदल करा: वरची तुम्ही घ्या, खर्ज मुलीच्या हातात द्या.